मॅडमना शांत डोकं पाहिजे

सोलापुरात बिनतेलाचं डोकं मिळणं किती कठीण आहे, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी स्वतःच रोज सकाळी तळहातावर खोबरेल घेऊन टाळूवर थापत होते, त्यामुळे दुसऱ्यांच्या डोक्यांकडे बघायचं काही कारण नव्हतं. मग पुण्याच्या एका संस्थेतून पेटीत भरून मेंदू मोजायचं एक उसनं यंत्र आलं आणि तीन आठवडे मला माणसं दिसेनाशी झाली. दिसायची ती नुसती कपाळं आणि केस.

मी इथल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. त्यातला संख्याशास्त्राचा पेपर कायम माझ्याच गळ्यात असतो, कारण तो दुसऱ्या कुणाला नको असतो. पीएचडीला नोंदणी करून सात वर्षं झाली होती. आधी सासूबाईंचं आजारपण, मग कॉलेजची तपासणी, मग दोन वर्षं नुसतंच 'या सुट्टीत बसतेच'. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती आणि पत्रात 'शेवटची' हा शब्द मुद्दाम ठळक छापला होता. जूनपर्यंत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. आणि प्रबंधासाठी मला विद्यार्थ्यांच्या मेंदूच्या वीस चांगल्या नोंदी हव्या होत्या. वीस. त्या काळात मला झोपेतून उठवून नाव विचारलं असतं तरी मी वीस सांगितलं असतं.

विषयाचं नाव कागदावर फार भारी दिसायचं. साध्या भाषेत सांगायचं तर, माणूस मनातल्या मनात अवघड काम करतो तेव्हा त्याचा मेंदू किती कष्ट घेतो, ते प्रकाशाने मोजायचं. लहानपणी वीज गेली की आम्ही भावंडं बॅटरीच्या काचेवर तळहात दाबून धरायचो आणि बोटं आतून लाल दिसायची. हे यंत्र त्याच जातीचं. डोक्याला एक पट्टा बांधायचा, त्यात बारीक दिवे असतात. त्यांचा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण तो कवटीतून थोडा आत जातो आणि थोडा परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं, आणि ताज्या रक्तातून परतणारा प्रकाश जरा वेगळा असतो. दिव्यांच्या शेजारचे सेन्सर तो टिपतात आणि पडद्यावरची रेघ वर चढते. माणूस विसावला की खाली येते. सुई नाही, दुखणं नाही. प्रबंधाच्या प्रस्तावनेत मी एक वाक्य लिहिलं होतं आणि ते मला स्वतःलाच फार आवडायचं: विद्यार्थी किती कष्ट घेतो हे शिक्षकाला बाहेरून दिसत नाही, म्हणून आत बघायला हवं.

आत बघायला गेले तर बाहेरचंच सगळं आडवं आलं. पहिल्या दिवशी पाच जण आले आणि पाचही डोकी तेलाने चकाकत होती. पट्टा कपाळावरून भुवयांवर घसरायचा, सेन्सरच्या काचा तेलकट व्हायच्या, त्या मी स्पिरिटने पुसत बसायचे. एकीच्या कपाळावर टिकली, ती काढली तर खाली डिंक. एकाच्या कपाळाला सकाळच्या पूजेचं गंध, दुसऱ्याला भंडारा, तिसरीने उन्हासाठी कसलंसं पांढरं क्रीम चोपडलेलं. गंध पुसायला सांगितलं तर तो मुलगा म्हणाला, मॅडम, आई विचारल. त्यातून केस असे दाट आणि काळे की प्रकाश तिथेच संपायचा. मग मी कंगव्याच्या दांडीने एकेक बट बाजूला सारून सेन्सरला जागा करायची. दारातून बघणाऱ्या मुली तोंडावर ओढणी धरून खिदळायच्या, की मॅडम उवा बघायल्यात.

मी फळ्यावर सूचना लावली: प्रयोगाला येताना डोक्याला तेल लावू नये, कपाळ कोरडे व स्वच्छ असावे. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या आईचा फोन आला. ही कसली परीक्षा, एप्रिल महिन्यात तेल न लावता पोरगी पाठवायची, डोकं तापलं तर जबाबदार कोण, असं त्यांनी मला अगदी शांतपणे विचारलं. आमच्या घरात प्रयोगाला सर्वांत लायक डोकं नवऱ्याचं आहे, कारण त्यावर केसच नाहीत. पहिल्या रात्री सराव म्हणून त्याला पट्टा बांधला तर काय सुरेख रेघ आली. पण मला हवे होते पंचविशीच्या आतले विद्यार्थी. तो बिचारा पुढे आठवडाभर विचारायचा, माझं डोकं चालेल का. मी खेकसायचे.

कॉलेजने जिमखान्यामागची खोली दिली होती, जिथे मोडके कॅरमबोर्ड ठेवतात. खिडकीतून ऊन आत आलं की सेन्सर वेडे व्हायचे, म्हणून घरच्या दोन चादरी खिडकीवर खिळ्यांनी ठोकल्या. पंखा लावला की वायरी हलायच्या, म्हणून पंखा बंद. बाहेर बेचाळीस अंश आणि आत मी, एक मुलगा किंवा मुलगी, लॅपटॉप आणि घाम. उकाड्याने कातडीतलं रक्तही वाढतं आणि रेघ विनाकारण वर जाते. कुणी मान हलवली, भुवई उडवली, दात दाबले तरी रेघेला धक्का बसतो. त्यामुळे मी सारखी ओरडायचे: हलू नका, शांत बसा, ताण घेऊ नका, अगदी शांत. दिवसातून शंभर वेळा तरी 'शांत' म्हटलं असेन आणि एकदाही शांतपणे म्हटलं नसेल.

काम साधंच होतं. मी एक आकडा द्यायचा, समजा हजार. त्यातून मनातल्या मनात सात वजा करायचे, आलेल्या उत्तरातून पुन्हा सात, पुन्हा सात. अर्ध्या मिनिटाने मी 'थांबा' म्हणायचे आणि मग त्यांनी कुठवर आलात तो आकडा सांगायचा. मग अर्धा मिनिट विश्रांती, मग दुसरा आकडा. असे सहा आकडे, सगळ्यांना तेच सहा. कारण सगळ्यांना काम सारखंच पाहिजे, असं मला वाटत होतं. शिवाय एक नियम मीच करून ठेवला होता, की सहापैकी निम्म्याहून जास्त उत्तरं चुकली तर ती नोंद बाद. ज्याने काम नीट केलंच नाही त्याचा मेंदू मोजून काय करायचं? फॉर्मवर एक प्रश्न होता, मनात कोणत्या भाषेत मोजता. विणकरांच्या घरची मुलं तेलुगू लिहायची, अक्कलकोटकडचे दोघे कन्नड, एकीने लिहिलं होतं, घाई असली की दखनी, नाहीतर मराठी. हे वाचून मात्र मला बरं वाटायचं. इतक्या भाषांत वजाबाकी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात मिळाली असती?

पहिला आठवडा तेलात गेला. दुसऱ्या आठवड्यापासून रेघा स्वच्छ यायला लागल्या. डोकी धुतलेली, कपाळं कोरडी, कुणी हलत नाही, कुणी डोळासुद्धा लववत नाही. उत्तरं तर विचारू नका, सगळी बरोबर. संख्याशास्त्रात पस्तीस मार्कांसाठी माझ्यामागे फिरणारी ही पोरं, हजारातून सात-सात वजा करून नऊशे तेवीस, नऊशे सोळा असे आकडे अलगद काढून देत होती. मला अभिमान वाटला, खरंच वाटला. संध्याकाळी घरी बसून नोंदी तपासायला घेतल्या तेव्हा तो उतरला. रेघा सपाट होत्या. काम करताना सपाट, विश्रांतीत सपाट. एकाची तर विश्रांतीतच जरा वर गेली होती. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, पुढचा नंबर आठवत होतो मॅडम. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

मी यंत्रावर संशय घेतला. पट्टा बदलला, जागा बदलली, सेन्सर एकेक करून तपासले. आलेख पाठवून पुण्याला माझ्या मार्गदर्शकांना फोन केला. ते सज्जन गृहस्थ आहेत, पण त्यांना थोडक्यात बोलायची सवय आहे. त्यांनी आलेख पाहिले आणि विचारलं, तुमची मुलं विचार करतात ना? मी म्हटलं, सर, उत्तरं सगळी बरोबर आहेत. ते म्हणाले, मी ते विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मला रडू आलं आणि मग रडू आल्याचा राग आला. चौदा नोंदी झाल्या होत्या, चौदाही निरुपयोगी. यंत्र परत करायला सहा दिवस उरले होते.

त्या दिवशी एक मुलगा आला नाही. वेळ वाया जाऊ नये म्हणून मी वर्गात डोकावले. शेवटच्या बाकावर एकच मुलगी बसली होती, तिला बोलावलं. एरवी मी तिला बोलावलं नसतं. ती माळशिरसकडच्या एका गावातली, घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. इथे शुक्रवार पेठेत मावशीकडे राहायची. वर्गात तोंड उघडत नसे. माझ्या पेपरच्या दोन्ही चाचण्यांत नापास झाली होती, आणि उत्तरपत्रिकेत अर्धी पानं खोडलेली असायची. फेब्रुवारीत पालकांची सभा झाली तेव्हा तिचे वडील आले होते. एवढ्या लांबून, एक दिवस मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून. डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला होता. मी त्यांना सांगितलं, मामा, मुलगी हुशार आहे, पण कष्ट घेत नाही. हे वाक्य मी त्या दिवशी निदान आठ पालकांना सांगितलं असेल. त्यात वाईट काही नव्हतं. उलट हुशार आहे म्हटल्यावर पालक खूश होतात.

ते खूश झाले नाहीत. थोडा वेळ मुलीकडे बघितलं आणि मला विचारलं, "कष्ट घेत न्हाय म्हनता, तर मग हितं ठिवावी का घरी न्यावी?"

माझ्यासमोर अजून सहा पालक उभे होते. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण असंच चाललं तर वर्ष वाया जाईल. ते "बरं" म्हणाले, फेटा उचलला आणि गेले. मुलगी त्यांच्या मागे गेली. पुढच्या पालकांना मी काय सांगितलं ते आता आठवत नाही.

तर ती मुलगी कॅरमबोर्डाच्या खोलीत येऊन बसली. केस कोरडे होते, फळ्यावरची सूचना तिने पाळली होती. मी पट्टा बांधला, काम समजावून सांगितलं. तिने दोनदा विचारलं, की मनातच करायचं ना, बोटं मोजली तर चालतील का. मी म्हटलं, बोटं नाही, हलायचं नाही, शांत. हजार दिला. अर्ध्या मिनिटाने म्हणाली, नऊशे सत्तावन्न. नऊशे अठ्ठावन्न आलं असतं तर बरोबर. बाकीचे सगळे नऊशे तेवीसपर्यंत जात होते, ही अर्ध्या वाटेवर, आणि तेही चुकलेली. सहापैकी चार उत्तरं चुकली. वरच्या ओठावर घामाचे थेंब आले होते. पट्टा काढताना तिने विचारलं, "चुकलं का, मॅडम?"

मी घड्याळ बघत होते. मी म्हणाले, "असू दे. जरा प्रयत्न करायचा होतास की."

हे मी बोलले. माझ्या समोरच्या लॅपटॉपवर तिची रेघ तेव्हा अजून खाली उतरत होती. पण कच्च्या रेघेवरून मला काही कळत नव्हतं, आणि बघायची इच्छाही उरली नव्हती. संध्याकाळी नोंद तपासली तेव्हा सहाही वेळा रेघ चढलेली दिसली. वाटलं, उकाडा असेल, घाबरली असेल. आणि उत्तरं तर चुकलेलीच होती. नियमाप्रमाणे मी ती नोंद 'बाद' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली आणि भाजी फोडणीला टाकायला गेले.

दोन दिवसांनी संमतीपत्रं संपली म्हणून कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो मला वीस वर्षं ओळखतो, मी याच कॉलेजात शिकत होते तेव्हापासून. माझं काम करता करता म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या मेंदूच्या पेपरला लई गर्दी हाय की. रोज कोन ना कोन येतंय." मी म्हटलं, कसला पेपर? त्याने काउंटरखालच्या गठ्ठ्यातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्याला वाटलं, मीच काढायला दिलाय.

कागदावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: मॅडमचा प्रयोग, अपेक्षित उत्तरे. खाली माझे सहा आकडे, आणि प्रत्येकापुढे तीन-तीन उत्तरं. हजार: ९३०, ९२३, ९१६. त्याखाली सूचना. सगळ्यांनी एकच उत्तर सांगू नये, मॅडमना संशय येतो. उत्तर लगेच सांगू नये, थांबा म्हटल्यावरच सांगावे. आणि शेवटची सूचना, जिच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या: यंत्र चालू असताना काही विचार करू नये, वजाबाकी तर अजिबात करू नये. मॅडमना शांत डोकं पाहिजे.

मी तिथेच उभी राहिले. झेरॉक्सवाल्याने स्टूल पुढे केलं. दहा दिवस मी चौदा जणांच्या मेंदूत कष्ट शोधत होते आणि चौदाही जण माझ्यासाठी कष्टाने रिकामे होऊन बसत होते. कुणी घरी शिकाकाईने डोकं धुऊन, आईशी भांडून, गंध पुसून यायचं, आणि माझ्यासमोर मिनिटामागून मिनिटं काहीही विचार न करता बसायचं. तसं बसून बघा एकदा, सोपं नाही.

वर्गात जाऊन मी खूप ओरडले. वर्गप्रतिनिधी मुलगी उभी राहिली. अक्षर तिचंच होतं. तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत आणि तिला कुणी ओरडलं की ती आणखी ताठ उभी राहते. म्हणाली, "मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही रेघ हलली की चिडत होता. म्हणून आम्हीच ठरवलं, रेघ हलूच द्यायची नाही. तुमची पीएचडी आमच्यामुळं अडायला नको होती की." मागून दोघा-तिघांनी माना हलवल्या. कुणाच्याही चेहऱ्यावर लबाडी नव्हती. परीक्षा म्हटलं की अपेक्षित प्रश्न काढायचे, ते सगळ्यांना वाटायचे, कुणाला मागे ठेवायचं नाही, हेच तर ती पहिलीपासून करत आली होती. मला त्यांचा राग यायला हवा होता तेवढा येईना, आणि स्वतःचा राग काढायला वर्गात जागा नव्हती.

मी विचारलं, कागद कुणाकुणाकडे होता. सगळ्यांचे हात वर झाले. शेवटच्या बाकावरचा हात वर नव्हता. वर्गप्रतिनिधी म्हणाली, मॅडम, ती ग्रुपवर नाही, तिचा फोन बटणाचा आहे, आणि तिचं नाव तुमच्या यादीतही नव्हतं. त्या मुलीने खाली बघितलं. तिला वाटलं असावं, की ह्यातही आपलंच काहीतरी चुकलं.

स्टाफरूममध्ये येऊन मी 'बाद'चं फोल्डर उघडलं. एकच नोंद होती. पहिला आकडा दिला आणि चार-पाच सेकंदांत रेघ उठली, चढत गेली, वर टिकून राहिली. थांब म्हटल्यावर सावकाश उतरली. दुसऱ्या आकड्याला पुन्हा तेच, तिसऱ्याला जरा जास्त. सहाव्या आकड्याला माणसं कंटाळतात, सोडून देतात, पुस्तकातही तसंच लिहिलेलं असतं. हिची रेघ सहाव्यालाही पहिल्याइतकीच चढली होती. सात वर्षं मी पुस्तकांतून असे आलेख बघत आले होते, आणि माझ्या हातून निघालेला पहिला असा आलेख मी भाजीच्या घाईत बाद केला होता. आणि तिला म्हटलं होतं, जरा प्रयत्न करायचा. प्रस्तावनेतलं माझं ते आवडतं वाक्य मला आठवलं.

उरलेल्या चार दिवसांत मी सगळ्यांना परत बसवलं. आता आकडे चिठ्ठीवर, ज्याचे त्याला, ऐन वेळी. वजाबाकी करा बाबांनो, जेवढी येईल तेवढी, चुकली तरी चालेल, असं हात जोडून सांगितलं. एक दिवस दुपारभर वीज नव्हती. एकाला ताप आला. दोघी गावी गेल्या होत्या. नऊ चांगल्या नोंदी मिळाल्या. मी पुण्याला फोन करून विचारलं, सर, ती बाद केलेली नोंद धरली तर? उत्तरं चुकली आहेत, पण कष्ट तर दिसतायत. ते म्हणाले, आलेख बघून झाल्यावर नियम बदलता येत नाही. बरोबरच होतं ते. मी दुसऱ्या कुणाची परीक्षक असते तर मीही हेच सांगितलं असतं. नऊ नोंदींवर प्रबंध उभा राहत नाही, आणि पुढे जूनमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. त्यात 'रद्द' हा शब्द ठळक नव्हता, साधाच होता. आता नव्याने नोंदणी केली आहे, पहिल्या पायरीपासून, आणि याबद्दल कुणी शुभेच्छा दिल्या तर मी अजूनही नीट बोलत नाही.

यंत्र परत जायचं त्या दिवशी मी जिमखान्यामागच्या खोलीत पेटी भरत होते. खिडकीवरून चादरी काढल्या होत्या, खोलीत लख्ख ऊन होतं. दारात ती मुलगी आणि तिचे वडील उभे राहिले. वडिलांच्या हातात तिची पत्र्याची पेटी होती. शिकवणं संपलं होतं, परीक्षेला तीन आठवडे होते. ते म्हणाले, निघालो, म्हटलं मॅडमला सांगून जावं. मी विचारलं, परीक्षेला कधी येणार? वडील म्हणाले, आता कशाला, घरी आई एकटी पडती, आणि तुमीच म्हनला होता वर्ष वाया जाईल म्हनून.

मी त्यांना बसवलं. वायरी गुंडाळायच्या सोडून लॅपटॉप उघडला आणि तो आलेख त्यांच्यापुढे धरला. ही रेघ मुलीच्या मेंदूची आहे, इथे ती विचार करतेय, इथे थांबली, इथे पुन्हा. रेघ वर जाते म्हणजे ती कष्ट घेते. बाकीच्यांपेक्षा किती जास्त घेते ते बघा. मी भराभरा बोलत होते, आवाज चढला होता. मी म्हटलं, मामा, मी चुकीचं सांगितलं होतं. ती कष्ट घेते. मी मोजलंय.

त्यांनी पडद्याकडे बघितलं, सभ्यपणे, थोडा वेळ. मग म्हणाले, "व्हय, ठावं हाय की आमाला. गावाकडं आली की पाटंचं उठून वही घिऊन बसती, खोडती, परत लिव्हती. तुमी म्हनला कष्ट घेत न्हाय. आमाला वाटलं, कॉलेजातलं कष्ट काय येगळं आसत्याल."

मुलगी बापाच्या पायाशी ठेवलेल्या पेटीकडे बघत होती. मी लॅपटॉप मिटला. मी म्हटलं, तिला परीक्षेला पाठवा. हे तीन आठवडे मी रोज तिला शिकवीन, पण पाठवा.

ते लगेच "बरं" म्हणाले, पेटी उचलली आणि मुलीला म्हणाले, चल मावशीकडं. पुरावा त्यांनी मागितलाच नव्हता. फेब्रुवारीतही ते माझ्या एका वाक्यावर इतक्याच पटकन 'बरं' म्हणाले होते.